कमळकोठीचं दार

सिताराबीला मुळात ही कोठी पाहायला यायचंच नव्हतं. रविवार म्हणजे वाशिमजवळच्या मालेगावात तिच्या बांगड्यांच्या दुकानाचा खरा दिवस. नवऱ्याला, अशफाकला, एकट्याला गिऱ्हाइकांच्या तोंडी देऊन बागा पाहत हिंडणं तिच्या स्वभावात नव्हतं. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, जिथं फुलं तिथं माशा.

तिच्या चार वर्षांच्या नातीला, तूबाला, मागच्या पावसाळ्यात अंगणात गांधीलमाशी चावली होती. लेकरू आधी नुसतं रडलं. मग अंगभर लाल चट्टे उठले, ओठ सुजले, आणि वाशिमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी वाचवलं, पण घरी सोडताना सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की हिला माशीचं विष सोसत नाही. पुन्हा डंख झाला तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळेल याचा भरवसा नाही. त्यांनी एक इंजेक्शन लिहून दिलं आणि ते कसं टोचायचं ते तूबाच्या आईला, शाजियाला, करून दाखवलं. शाजिया लग्नाआधी औषधांच्या दुकानात कामाला होती. शिकायला तिला वेळ लागला नाही.

तेव्हापासून सिताराबीनं खिडक्यांना जाळ्या ठोकून घेतल्या, दारातला मोगरा मुळासकट उपटला, आणि तूबाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. सुनेनं महिनोन्महिने ते चालवून घेतलं. पण या हिवाळ्यात एकदा तूबा जाळीला नाक चिकटवून गल्लीतल्या पोरांकडं पाहत बसलेली शाजियानं पाहिली, आणि त्या रात्री जेवताना ती सरळ म्हणाली,

"अम्मी, हिले जिंदगीभर बरणीत घालून ठेवाची का?"

"बरणीत तं बरणीत. जित्ती राहीन तं सही."

"याले जगणं म्हन्तेत का?"

सिताराबीच्या मुलाला, इमादला, दोघींच्या मधे बोलायची सवय नव्हती. त्या दिवशी मात्र तो म्हणाला, "रविवारी कमळकोठी पाह्यले जाऊ. फिरून यू. मी गाडी काढतो." आणि विषय संपवून ताटावरून उठला.

शेलूबाजारच्या रस्त्यावरून आत वळलं की कमळकोठी लागते. इंग्रजांच्या वेळेस कापसाच्या जिनिंग गिरणीत पैसा केलेल्या एका शेठनं ती बांधली. त्याचे वारस कधीच हैदराबादेकडं गेले आणि कोठी कित्येक वर्षं फाटक लावून पडून होती. दोन वर्षांखाली त्यांच्यापैकी कुणीतरी येऊन तिची डागडुजी केली, बाग पुन्हा लावली, आणि रविवारी लोकांना आत सोडायला सुरुवात केली. तेव्हापासून वाशिम, मंगरूळपीर, कुठून कुठून लोक येतात.

फाटकावरच पहिली अडचण झाली. खाकी कपड्यातला गुलाबसिंग तिथं उभा होता. तोच पहारेकरी, तोच कोठी दाखवणारा.

"बाई, पिशवी आत नाही नेता येत. लोक पुडे फेकतेत कारंज्यात."

"दादा, याच्यात लेकराचं औषध हाय," शाजिया म्हणाली.

"औषध हाय तं मी मॅनेजरले विचारून येतो. थांबा जरा."

मागं रांग लागली होती. कुणीतरी "चला नं लवकर" असं म्हणालं. लोकांसमोर अडून राहणं सिताराबीला कधीच खपायचं नाही. तिनं शाजियाच्या खांद्यावरून पिशवी ओढून घेतली आणि जिथं इमाद ईको गाडीच्या सीटवर पाय वर घेऊन मोबाइलवर मॅच लावत होता, तिथं खिडकीतून आत टाकली.

"दोन कदमावर तं गाडी हाय. चाल आता."

शाजियानं एकदा गाडीकडं पाहिलं. मग तूबाचं बोट धरून ती आत गेली.

बाग पाहिली आणि सिताराबी क्षणभर सगळं विसरली. कोठी उंचावर होती आणि तिच्या पायथ्यापासून बाग पायऱ्यापायऱ्यांनी खाली तळ्यापर्यंत उतरत गेली होती. मधोमध दगडी पाट, त्यात पाणी खळखळत खाली येत होतं. दोन्ही बाजूंना कापून सारखी केलेली मेंदी, तिच्यामागं बकुळीची रांग, आणि प्रत्येक पायरीवर मऊ हिरवळ. मधल्या पायरीवर कमळाच्या आकाराचं दगडी कारंजं होतं. त्यावरूनच कोठीचं नाव पडलं. आपल्याच जिल्ह्यात, उन्हाच्या रखरखीत, कुणाला एवढी सावली आणि एवढं पाणी बांधून ठेवायचं सुचलं असेल, याचं तिला नवल वाटलं.

तूबा पाटाच्या काठावर बसून पाण्यात हात घालत होती आणि प्रत्येक वेळी हात बाहेर काढून हसत होती. असं हसताना सिताराबीनं तिला कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. शाजियाच्या चेहऱ्यावर 'पाहा' असं लिहिलेलं होतं.

कारंज्यापाशी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या हातात काठी, गुडघ्यांना पट्टे. बाईनं पदरात बोरं बांधून आणलेली.

"घे वं माय," तिनं तूबापुढं हात केला. "गोड हायेत."

तूबानं आजीकडं पाहिलं. सिताराबीनं 'घे' म्हणून मान हलवली.

बोलता बोलता ओळख झाली. अनसिंगचे जानराव आणि बेबीताई. जानराव एसटीत कंडक्टर होते. "जिंदगीभर याच रस्त्यानं गाडी नेली," ते म्हणाले, "पन हे फाटक काई उघडं नाई दिसलं. आमची धम्मदीपा पुन्याले नोकरीले हाय. ते म्हने, बाबा, आता खुलं झालं, जाऊन पाहून घ्या."

"मंग पाह्यलं का?"

"पाहून राह्यलो. गुडघे जेवढे दाखवतीन तेवढं."

बेबीताई हसली. तिनं तूबाला मांडीवर घेतलं, तिची विसकटलेली वेणी सोडून पुन्हा घातली, आणि परकं लेकरू मांडीवर घेण्याची परवानगी वगैरे काही विचारली नाही. सिताराबीला ते आवडलं. तिच्या दुकानात येणाऱ्या बायांत अशा बाया ती लगेच ओळखायची. त्यांच्याशी भाव करताना तिचं मन कच्चं व्हायचं.

मग उठताना सहज तिची नजर वर गेली. कोठीच्या उत्तरेकडच्या बुरजाला सज्जा होता, आणि सज्जाखाली बसायच्या काळ्या पाटांसारखं काहीतरी लटकत होतं. एक, त्याच्या बाजूला आणखी, आणि आणखी. वाऱ्यानं गव्हाचं शेत हलावं तसं त्या काळ्या अंगावरून काहीतरी सरकत गेलं.

 गुलाबसिंग लोकांचा एक घोळका घेऊन वर निघाला होता. सिताराबीनं त्याला अडवलं.

"हे काय हाय?"

"आग्या मोहोळ हाय, बाई. दरसाल येते. काही नाही करत. दगड नाही मारला, धूर नाही केला, तं त्याइले आपल्याशी काही घेणं-देणं नाही."

सिताराबीनं सुनेकडं पाहिलं. शाजियाचाही रंग उतरला होता. तिनं तूबाला उचलून कडेवर घेतलं.

"अम्मी, उघड्यावरून नको, दिवाणखान्यातून पलीकडं निघता येईन. तिकडूनच गाडीकडं जाऊ."

"मी सांगत होती तुले."

"हो अम्मी."

त्या दोघी तूबाला घेऊन गुलाबसिंगच्या घोळक्याबरोबर पायऱ्या चढल्या. जानराव आणि बेबीताई मागून सावकाश येत होते.

दिवाणखाना प्रशस्त होता. रंगीत काचांच्या खिडक्या, छताला झुंबर, मधोमध लांबलचक शिसवी मेज, आणि एका कोपऱ्यात पांढऱ्या चादरी घातलेलं जुनं सामान. आतल्या खोल्यांना कुलपं होती. त्यांचं काम अजून चालू होतं. पलीकडचं दार पाहायला शाजिया पुढं गेली आणि परत आली. तेही बंद होतं.

"तिकडची चाबी हापिसात हाय," गुलाबसिंग म्हणाला. "हे झुंबर पाहा, हे सातासमुद्रापलीकडून..."

बाहेर कुणीतरी ओरडलं.

नंतर कळलं ते असं. लग्न ठरलेलं एक जोडपं फोटो काढायला आलं होतं. फोटोवाल्यानं त्यांना उत्तरेच्या बुरजाखाली उभं केलं आणि मागं रंगीत धुराच्या नळकांड्या पेटवल्या. गुलाबी धूर सरळ वर गेला.

सिताराबीला आधी आवाज आला. दूर कुणी ट्रॅक्टर सुरू करावा तसा. मग तो आवाज दूर राहिला नाही. खिडकीच्या रंगीत काचांवरून सावल्या धावायला लागल्या आणि गुलाबसिंगनं झुंबर सोडून दाराकडं धाव घेतली.

"आत या! सगळे आत या! खिडक्या लावा!"

बागेतून लोक धावत आले. दोन कॉलेजच्या मुली, एक माणूस शर्ट डोक्यावर ओढून, एक बाई लेकराला पोटाशी दाबून. काहीजण खाली तळ्याकडं पळाले, काही फाटकाकडं. नवरी घागरा उचलून तळ्याच्या दिशेनं पळताना सिताराबीला दिसली. मग गुलाबसिंगनं दाराच्या दोन्ही फळ्या ओढल्या आणि मागं लाकडी आडणा आडवा घातला. आत शिरलेल्या चार-दोन माशा त्यानं टोपीनं मारल्या.

शाजिया तूबाला घेऊन कोपऱ्यात उभी होती, लेकराचं तोंड छातीशी दाबून. सिताराबी तिच्यापुढं ढालीसारखी उभी राहिली. बाहेरून काचांवर टपटप आवाज येत होता, ओंजळीनं ज्वारी फेकावी तसा.

"इमादले फोन लाव," सिताराबी म्हणाली.

शाजियानं लावला. इमाद गाडीच्या काचा वर करून बसला होता. त्यालाही आवाज ऐकू येत होता. "आत्ता नको येऊ," शाजिया म्हणाली. "आमी आत हाओत. तूबा बरी हाय. पिशवी हाताशी ठेव."

तेव्हाच दारावर थाप पडली.

"दार उघडा वं! याइले दिसून नाई राह्यलं! दार उघडा!"

सिताराबीनं आवाज ओळखला. मघाशी याच आवाजानं तिच्या नातीला बोरं दिली होती.

गुलाबसिंगचा हात आडण्याकडं गेला. सिताराबीला आपण कधी हललो ते कळलं नाही. ती दाराला पाठ लावून उभी होती आणि तिचे दोन्ही हात मागं आडण्यावर होते.

"नाही उघडाचं."

"बाई, सरका. माणसं हायेत बाहीर."

"माह्या नातीले एक माशी चावली तं तिचा जीव जाईन. डॉक्टरनं सांगतलं हाय. नाही उघडाचं."

दिवाणखान्यातले लोक तिच्याकडं पाहू लागले. "अहो, बरोबर हाय, सगळं मोहोळ आत येईन," शर्टवाला म्हणाला. कॉलेजच्या मुलींपैकी एक रडत रडत म्हणाली, "पण ते मरतील ना."

"मागच्या दारानं या!" सिताराबी दाराला तोंड लावून ओरडली. तिला ठाऊक होतं की मागचं दार बंद आहे. ठाऊक असूनही ती ओरडली. "मागून या, बेबीताई!"

"याइले चालता येत नाई!" बाहेरून आवाज आला. मग काठी फरशीवर पडल्याचा आवाज, आणि एका पुरुषाचं कण्हणं. ओरडणं नाही, नुसतं कण्हणं. ते ऐकूनही सिताराबीचे हात सुटले नाहीत. ती मनात अल्लाहचं नाव घेत होती आणि माफी मागत होती, आणि आडणा आणखी घट्ट धरत होती.

"बाई, सोडा," गुलाबसिंग म्हणाला. तो तिला ढकलू शकला असता. पण परक्या बाईच्या अंगाला हात कसा लावायचा, हे त्याला कळत नव्हतं.

शाजिया कोपऱ्यातून हलली. सिताराबीला वाटलं, ती आपल्या बाजूला येऊन उभी राहणार. शाजियानं सामानावरची एक चादर ओढली, धुळीचा लोट उठला. तिनं तूबाला नखशिखांत त्या चादरीत गुंडाळलं, दुसरी चादर वरून घातली, आणि ते गाठोडं घेऊन सासूसमोर आली.

"अम्मी, हिले धरा."

"दूर हो. तिकडं जाऊन बस."

"हिले धरा, अम्मी. मेजाखाली घेऊन जा. मी दार उघडते."

"तू माय हायस का कोण हायस?"

"मायच हाओ." शाजियाचे ओठ पांढरे पडले होते. "हिले धरा, नाही तं दार धरा. दोन्ही नाही धरता येनार."

आणि तिनं ते गाठोडं सोडून दिलं.

खाली टाकलं नाही. सिताराबीच्या छातीशी टेकवलं आणि हात काढून घेतले. आडण्यावरचे हात सुटले आणि नातीखाली गेले. त्यात विचार करायला जागाच नव्हती. चादरीतून तूबाचा दबका आवाज आला, "दादी?" सिताराबी तिला घेऊन पळत मेजाखाली शिरली, तिच्यावर पालथी पडली, आणि चादरीच्या कडा आपल्या कोपरांखाली दाबून धरल्या.

मागं आडणा सरकला. उजेडाचा पट्टा फरशीवर आला आणि त्याच्याबरोबर तो आवाज आत आला. ओरडाआरडा झाला. काहीतरी जड ओढत आणल्याचा आवाज, गुलाबसिंगचं "ओढा, ओढा", बेबीताईचं रडणं. मग दार आदळलं आणि पुन्हा अंधारलं. लोक टोप्यांनी, चपलांनी भिंतींवर फटके मारत होते.

सिताराबीच्या मानेवर जळता काटा घुसला. मग कानामागं. मग पाठीवर दोन. ती हलली नाही. हलली तर चादर सरकेल. पोटाखाली तूबा थरथरत होती. "दादी, गरम होते," ती म्हणाली. "होऊ दे माय, होऊ दे," सिताराबी म्हणत राहिली.

आणि मग तिला चादरीच्या आत, आपल्या मनगटाजवळ, काहीतरी सरकताना जाणवलं.

तिनं मूठ मारली. तळहातात डंख बसला, तशीच तिनं ती माशी चिरडली. चिरडली, असं वाटत असतानाच तूबा किंचाळली.

घोट्याजवळ. एकच.

सिताराबी मेजाखालून बाहेर आली तेव्हा दिवाणखान्यात माशा जवळपास उरल्या नव्हत्या. भिंतीशी जानराव आडवे पडले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. सिताराबीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि पाहिलं नाही.

"शाजिया! चावली! चावली हिले!"

शाजियानं नखानं काटा खरवडून काढला. तिच्या स्वतःच्या हातांवर, गालावर डंखांच्या गाठी उठल्या होत्या. तिनं फोन लावला, कानाशी धरला आणि एवढंच म्हणाली, "गाडी दाराशी आन. पिशवी घेऊन. आत्ता."

त्यानंतरची वाट पाहणं सिताराबीला आयुष्यभर पुरेल. तूबाच्या पोटावर चट्टे उमटले. मग गळ्यावर. ती खोकायला लागली. शाजिया तिला मांडीवर घेऊन "श्वास घे, बेटा, असा, माह्यासारखा" असं म्हणत होती आणि सिताराबी रंगीत काचेला तोंड लावून बाहेर पाहत होती. ईको फाटकातून आत आली. तिला पुढं यायला रस्ताच नव्हता. इमादनं ती मेंदीच्या कुंपणातून घातली, हिरवळीवरून, फुलांच्या वाफ्यांवरून, पायरीवर आदळत, एक चाक पाटात घालून पुन्हा बाहेर काढत, सरळ दाराच्या पायऱ्यांपर्यंत आणली.  गुलाबसिंगनं चादर पांघरून दार फटीएवढं उघडलं आणि इमाद डोक्यावर गाडीतलं पायपुसणं धरून आत पडला. पिशवी त्याच्या दातांत होती.

शाजियानं काचेची नळी फोडली. पहिल्यांदा सुई नळीत गेलीच नाही. ती थांबली, डोळे मिटले, उघडले. दुसऱ्यांदा गेली. मग तिनं तूबाच्या मांडीत सुई घातली आणि दाबली.

सगळे उभे होते.  तूबाचा श्वास शिट्टी वाजवत आत जात होता, बाहेर येत होता. सिताराबी त्या शिट्टीखेरीज काही ऐकत नव्हती. ती थोडी मोठी झाली. मग तशीच राहिली. मग, हळूहळू, बारीक झाली.

"चला," शाजिया म्हणाली. "दवाखान्यात चला. पुन्हा होऊ शकते. आन याइले पन उचला."

तिनं तूबाला पुन्हा चादरीत गुंडाळून गाडीत नेलं. इमाद आणि गुलाबसिंगनं जानरावांना चादरीत घालून मागच्या सीटवर ठेवलं. बेबीताई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्यांना उचलून ठेवायला वेळ लागत होता तेव्हा सिताराबीच्या ओठांवर आलं, 'सोडा त्याइले, आधी लेकराले न्या.' तिनं ते गिळलं. मालेगाव येईपर्यंत ती नातीच्या छातीवर हात ठेवून बसली होती. मागून जानरावांचं कण्हणं येत होतं. बेबीताई त्यांना सारखं विचारत होती, "ऐकू येते का? ओ, ऐकू येते का तुमाले?"

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी तूबाला सलाइन लावलं. नाकाला नळी लावली. रात्रभर ठेवून घेऊ म्हणाले, पण धोका टळला आहे. इंजेक्शन वेळेवर दिलं म्हणून. जानरावांच्या अंगातले काटे दोन नर्सेस चिमट्यानं काढत होत्या, ते संपतच नव्हते. त्यांना शुद्ध होती. मूत्रपिंडावर परिणाम होतो का ते पाहावं लागेल, सकाळी अकोल्याला पाठवू, असं डॉक्टर म्हणाले. वय आहे, आत्ताच काही सांगता येत नाही.

अशफाक दुकान तसंच टाकून आला आणि तूबाच्या उशाशी बसला. सिताराबी बाहेर आली. शाजिया हात धुवायच्या बेसिनवर वाकून ओकत होती. सिताराबीनं मागून तिची ओढणी सावरून धरली. सुनेनं चूळ भरली आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली.

"तिले काही झालं असतं तं?" सिताराबी म्हणाली. आवाजात राग होता, पण तो कुणावर, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मले नाही माहीत, अम्मी."

"इचार नाही केला तू?"

"केला. दोन्हीचा केला." शाजियानं गुडघ्यांत डोकं घातलं. "मले पुन्हा नका इचारू. म्या पुन्हा उघडलं असतं का, ते मलेच सांगता नाही येणार."

सिताराबी तिच्या शेजारी बसली. बऱ्याच वेळानं शाजिया उठून तूबाजवळ गेली. सिताराबी मात्र बाहेरच, बाकावर जाऊन बसली. मान सुजून दगडासारखी झाली होती. नर्सनं गोळी दिली, ती तिनं पाण्याविनाच गिळली.

संध्याकाळ होत आली तेव्हा बेबीताई बाहेर आली. डोळे सुजून बारीक झालेले, लुगड्यावर मेलेल्या माशा अजून चिकटलेल्या. ती त्याच बाकावर, जरा अंतर ठेवून, बसली. सिताराबीला उठून जावंसं वाटलं. गेली नाही.

"मालक कसे हायेत?" तिनं विचारलं.

"पानी मांगलं." बेबीताई समोरच्या भिंतीकडं पाहत होती. "धम्मदीपा निघाली पुन्याहून."

 आत कुठंतरी लेकरू रडलं, पण ते तूबा नव्हतं.

"दाराआडून 'मागून या' म्हनत होती, थो आवाज तुमचा होता नं?"

 नाही म्हणणं सोपं होतं. आत एवढे लोक होते, आवाज कुणाचाही असू शकला असता.

"हो," ती म्हणाली. "मी दार धरून होती. सुनंनं उघडलं."

बेबीताईनं मान हलवली. ती रागावली नाही, आणि काही समजुतीचंही बोलली नाही. तिचे हात मांडीवर पडून होते, सुजलेले, अंगठीतून बोट फुगून वर आलेलं. सिताराबीनं ते हात पाहिले. या हातांनी मघाशी वेणी घातली होती.

"पोरगी कशी हाय?" बेबीताईनं विचारलं.

"झोपली."

"मंग बरं हाय."

तिनं डोक्याला हात लावला आणि कळ आल्यासारखा लगेच काढून घेतला. अंबाड्यात काटे तसेच होते. नर्सना तिच्याकडं पाहायला अजून सवड झाली नव्हती.

"काढू का?" सिताराबी म्हणाली.

 बेबीताईनं एकदा सिताराबीकडं पाहिलं, पहिल्यांदाच सरळ. किती वेळ पाहिलं कोण जाणे. मग ती बाकावर वळून पाठमोरी बसली, आणि दोन्ही हातांनी अंबाडा सोडला.

पिकलेले केस पाठीवर पसरले. सिताराबीनं आपली सुजलेली मूठ हळूच उघडली, केस बाजूला केले, आणि एक एक काटा नखानं खरवडून काढायला सुरुवात केली.